साइकाकुच्या गोष्टी हिशेबासकट कशा वाचाव्यात

सतराव्या शतकातल्या जपानात माणसाची पत कशावर ठरायची, घराण्यावर की गाठीच्या पैशावर? हे बघायचं असेल तर ओसाकाचा लेखक इहारा साइकाकु (१६४२–१६९३) याची दोन पुस्तकं जोडीनं वाचावीत. एक १६८८ चं ‘निप्पोन एइताइगुरा’, त्यात ३० गोष्टी. दुसरं १६९२ चं ‘सेकेन मुनेसान्यो’, त्यात २०. नुसतं पहिलं वाचलं तर काटकसरीचं प्रवचन वाटतं, नुसतं दुसरं वाचलं तर विनोदी किस्से. मधल्या चार वर्षांत सूर कसा पालटला, ते जोडीनंच कळतं.

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात आठ-दहा जण जमले तर चार बैठकींत हे होतं. गटात आडतीवरचा एखादा मुनीम आणि बचत गटाची वही लिहिणारी एखादी ताई जरूर असावी. साहित्याचे प्राध्यापक नसले तरी अडत नाही. पहिल्या पुस्तकाचा जी. डब्ल्यू. सार्जंट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद (१९५९) भरपूर टिपांसह आहे. इंग्रजी जमणाऱ्यानं गोष्ट घरून वाचून यावी आणि बैठकीत सरळ आपल्या बोलीत सांगावी. पुस्तक समोर धरून ओळीमागून ओळ मराठी करत बसलं की हसू येण्याआधीच लोक पेंगतात.

पहिल्या बैठकीआधी एक तक्ता मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. एदोत (आजचं टोकियो) सोन्याचा व्यवहार, एकक ‘र्‍यो’. ओसाकाला चांदीचा, आणि तोही तोलून: १ मोम्मे म्हणजे ३.७५ ग्रॅम, १००० मोम्मेंचा १ कानमे. किरकोळीला तांब्याची भोक पाडलेली नाणी, १००० मोनचा १ कान. सरकारी दर १ र्‍योला ५० मोम्मे चांदी किंवा ४ कान तांबं. बाजारात तो खालीवर व्हायचा. सगळ्यात मोठा घोळ ‘कान’ आणि ‘कानमे’ यांत होतो. त्याच तक्त्याखाली सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी ही उतरंड लिहा. शेतकरी दुसऱ्या पायरीवर आहे हे वाचून गटात कुणीतरी हसतंच. कागदावरचा मान तेवढा त्याचा. सामुराईंचं पोट मात्र त्याच्याच तांदळाच्या साऱ्यावर चालायचं.

सुरुवात पहिल्या पुस्तकातल्या पहिल्याच गोष्टीनं करा. मिझुमा देवळातून लोक शकुनाचे पैसे उसने नेतात: यंदा १ मोन न्यायचा, पुढच्या वर्षी २ परत करायचे. एक तरुण येतो आणि एकदम १ कान मागतो. पुजारी देऊन बसतात आणि मग धास्तावतात. तो एदोला जाऊन तेच पैसे शकुनाचे म्हणून कोळ्यांना थोडे थोडे उसने देतो. तेराव्या वर्षी घोड्यांवर लादून देवळाला ८१९२ कान येतात. हा आकडा सांगून टाकू नका. एकाला फळ्यावर उभं करून तेरा वेळा दुप्पट करायला लावा. मग विचारा, आपल्याकडच्या दामदुपटीच्या नियमानं हे कुठं थांबलं असतं? २ कानवर, कारण व्याज मुद्दलापलीकडे जात नाही. शेवटी तक्ता वापरा: ८१९२ कान तांबं म्हणजे २०४८ र्‍यो. कुणी चुकून चांदीचे कानमे धरले तर उत्तर १,६३,८४० र्‍यो येतं आणि माणूस आहे त्याच्या ऐंशी पट श्रीमंत होतो.

याच गोष्टीत साइकाकु मोजपट्टी देतो. वडिलार्जित काही न घेता, स्वतःच्या अकलेवर ५०० कानमे चांदी जमवली तर तो सधन, १००० च्या वर गेला तर महाधनिक. ५०० कानमे म्हणजे १८७५ किलो, पावणेएकोणीस क्विंटल. मोजपट्टीत कुळ कुठंच नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे तर तो सरळ म्हणतो की शहरी माणसाची वंशावळ म्हणजे त्याचं सोनंचांदी.

दुसऱ्या बैठकीत एदोतल्या मित्सुइ घराण्याचं कापड दुकान घ्या. आधी व्यापारी गाठोडी घेऊन सरदारांच्या वाड्यावर जायचे, माल उधार द्यायचे आणि वर्षअखेरी वसुलीला फिरायचे. या दुकानानं रोखीनं, एकाच भावात आणि हवं तेवढं कापून विकायला सुरुवात केली. चाळीसएक नोकर, प्रत्येकाकडे एकाच प्रकारचं कापड, दिवसाचा सरासरी गल्ला १५० र्‍यो. इथं गट ‘धंद्याची युक्ती’ म्हणून पुढं जाईल, तेव्हा थांबवा. उधारीला घराणं बघावं लागतं. रोखीला बघावं लागत नाही, वीतभर मखमल मागणाराही गिऱ्हाईकच.

त्याच दिवशी क्योतोच्या फुजिइचीची गोष्ट सांगून हसून घ्या. वर्षाच्या सणाला मोची (तांदळाचे चिकट लाडू) गरम असताना नोकरानं वजन करून घेतली म्हणून तो रागावतो. निवेपर्यंत थांबला असता तर पाण्याचं वजन विकत घ्यावं लागलं नसतं! शेवटी तीन तरुण त्याच्याकडे उपदेश ऐकायला येतात. आत खलाचा आवाज, म्हणजे जेवण येणार असं त्यांना वाटतं. ती निघते हिशेबाच्या वहीला लावायची खळ. ही गोष्ट आदर्श म्हणून वाचली की फसली. साइकाकु त्याचं कौतुक करता करता चिमटे काढतो.

तिसरी बैठक पहिल्याच पुस्तकातल्या, ‘गरिबी’ या रोगावरच्या गोळीची. पहाटे उठणं ५ र्‍यो, घरचा धंदा २०, रात्रीचं काम ८, काटकसर १०, तब्येत ७, एकूण ५०. इथला र्‍यो औषधाचं वजन आहे, नाणं नव्हे. मात्र खरा माल पथ्याच्या यादीत आहे: रोज रेशीम, मुलीला कोतो हे तंतुवाद्य शिकवणं, जुगार, दुसऱ्याला जामीन राहणं, महिन्याला ०.८ टक्क्यांवरचं कर्ज. शेकडा तीन रुपयांनी पैसे उचललेला कुणी बसला असेल तर तास इथंच जातो, जाऊ द्या. यादीत हायकाइ कविताही आहे. १६८४ मध्ये एका दिवस-रात्रीत २३,५०० कडवी रचणारा साइकाकुच हे पथ्य सांगतोय, हे गटाला आठवण करून द्या.

चौथ्या बैठकीला दुसरं पुस्तक. सगळ्या गोष्टी वर्षाच्या शेवटच्या दिवशीच्या. चांद्र वर्ष असल्यामुळे ती अमावास्येच्या आसपासची काळोखी रात्र, आणि वसूलदार दारोदार. पाडव्याला सालगड्याचं साल संपतं, उचलीचा हिशेब होतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली धाकधूक समजवावी लागत नाही. दोन गोष्टी पुरे. एकीत बेकार सामुराईची बायको नागिनाताचं, म्हणजे लांब दांड्याला पातं लावलेल्या शस्त्राचं, नुसतं म्यान गहाण टाकायला येते. दुकानदार ते फेकतो, तेव्हा ती इशिदा मित्सुनारीच्या बंडात वडिलांनी गाजवलेल्या पराक्रमाचा वारसा सांगत आकांत करते. हा मित्सुनारी १६०० च्या लढाईत हरलेला, ही खोच सांगायला विसरू नका. शेवटी ३०० मोन आणि थोडा तांदूळ देऊन तिला वाटेला लावतात. घराण्याची किंमत उरते ती तंटा मिटवण्यापुरती.

दुसरीत एक देणेकरी जीव देण्याचं सोंग करून वसूलदारांना पळवतो. लाकूड वखारीचं पोरगं मात्र हलत नाही. पैसे मिळाले नाहीत तोवर लाकूड आमचं, म्हणत दाराचे खांबच उपटायला लागतं. पैसे वसूल झाल्यावर वर फुकटचा सल्ला देतं: पुढच्या वर्षी दुपारपासूनच बायकोशी भांडण मांडा.

एवढं झालं की पहिल्या बैठकीतली मोजपट्टी परत काढा. १६८८ च्या पुस्तकातही वारसा नसेल तर फार वर चढणं अवघड, पैशाकडेच पैसा जातो, असे सुस्कारे आहेत. पहिल्या वाचनात ते निसटतात. आता ती वाक्यं शोधून मोठ्यानं वाचा. वेळ उरला तर १७०५ ची नोंद जोडा: शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारनं ओसाकाच्या योदोया घराण्याची मालमत्ता जप्त केली, ठपका ठेवला पायरी सोडून थाटात राहिल्याचा. म्हणजे उतरंडीचा तक्ता भिंतीवरून काढायची घाई नको.

बैठकी उन्हाळ्यात ठेवा. सोयाबीनची आवक सुरू झाली की मुनीम मिळत नाही.