एसीएल तुटलं, पण आत उरलेल्या तुकड्याचं काय?

"ताई, सूज गेली, पण पाय पुरा सरळच नाही होऊन राहिला." नागपुरात मानेवाड्याला मी मुलींना कबड्डी शिकवते, हे वाक्य कुणी बोललं की मी सराव थांबवून आधी तिचा गुडघा बघते. दहा वर्षांपूर्वी चढाईत वळताना माझा पाय मॅटवर रुतला, आत 'टक' झालं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात सांगितलं, एसीएल, म्हणजे गुडघ्यात मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा दोरीसारखा पट्टा (लिगामेंट), तुटलंय, नवीन बसवू. जुन्याचं काय, ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. तुम्ही विचारा.

एसीएल बहुतेकदा मधोमध किंवा मांडीच्या हाडाकडच्या बाजूने तुटतं आणि नडगीच्या हाडाला चिकटलेला बुंधा तसाच राहतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, सांधा कुठे वळलाय हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकंही असतात. हा बुंधा कधी शेजारच्या पीसीएलला, म्हणजे मागच्या लिगामेंटला, चिकटतो, कधी हळूहळू विरून जातो. चिकटला की गुडघा थोडा घट्ट वाटतो, चालणं जमतं. मुलगी म्हणते बरी झाले, आणि पहिल्याच वळणाला गुडघा सटकतो. म्हणून सरळ चालता आलं एवढ्यावर मॅटवर उतरायचं नाही.

आता घरची तपासणी. पलंगावर पालथं झोपा, गुडघ्याखालचे दोन्ही पाय काठाबाहेर सोडा, अंग सैल ठेवा. कुणाला तरी बाजूने दोन्ही टाचांचा फोटो काढायला सांगा. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली तर गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये. मग उताणं होऊन टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ताण कुठे येतो ते नीट बघा. मागे, मांडीच्या शिरांत ओढ असेल तर बहुधा आखडलेपण आहे, फिजिओच्या देखरेखीत सुटतं. पण पाय सरळ होता होता शेवटी पुढच्या बाजूला काहीतरी अडतंय, चिमटतंय असं वाटलं तर जोर लावू नका. बुंधा दुमडून पुढे अडकलेला असू शकतो, किंवा फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, मध्ये आलेली असते. गादी असेल तर थांबून चालत नाही, लवकर दाखवा.

सर्जनला वहीत लिहून विचारा: कुठून तुटलं? एसीएलच्या दोन पदरांपैकी एखादा शाबूत आहे का? बुंधा ठेवणार की काढणार? ठेवणार तर पुढे अडकू नये म्हणून छाटणार का? अगदी मांडीच्या हाडापाशी तुटलं असेल आणि जखम ताजी असेल, तर काही जणांचं शिवूनही चालतं. बुंधा ठेवल्याने खेळ जास्त चांगला होतो असं ठाम सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तो ठेवाच असा हट्ट नको. निर्णय ऐकून घ्या, कारण मात्र विचारा.

ऑपरेशननंतर वाकवण्याइतकंच सरळ करण्याकडे लक्ष द्या. काही महिन्यांनी पुढे खट् होऊन पाय अडायला लागला तर नव्या लिगामेंटसमोर गाठ झाली असू शकते. सांध्यात घालायच्या दुर्बिणीत ती डोळ्यासारखी दिसते म्हणून 1990 मध्ये तिला सायक्लॉप्स, म्हणजे ग्रीक कथांतल्या एकडोळ्या राक्षसाचं, नाव पडलं. ती दुर्बिणीनेच काढता येते. खेळात परतायला किमान नऊ महिने धरा.

आणि ऑपरेशनमधले दुर्बिणीचे फोटो मागून घ्या. माझ्या फोटोत बुंधा भिजून बसलेल्या वातीसारखा पुढे दुमडलेला दिसतो. आता नवी मुलगी दवाखान्यात निघाली की मी तो आधी तिला दाखवते.