बंद वाडा पावसाळ्याआधी सावरताना

घरची माणसं पुण्या-मुंबईला गेली की वाई, मेणवलीकडचे वाडे आधी छपरातून जातात. एक कौल सरकलं तरी पाणी भिंतीत उतरतं आणि तुळईचं (छताचा भार पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं) भिंतीत दडलेलं टोक कुजतं. म्हणून एप्रिल-मेमध्येच कौलं उतरवून वासे बघा. तुळईच्या टोकाला पेचकस टोचा. सहज आत गेला तर खालून टेकू द्या, मगच कुजका भाग कापून सागाचा जोड घाला. टेकूशिवाय करवत लावूच नका.

भिंतीला सिमेंट नको, ही कळकळीची विनंती. ते ओल कोंडतं. आतली माती-वीट भुसभुशीत होते आणि गिलावा पोपड्यांनी सुटतो. त्याऐवजी गिलाव्याला कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) घ्या, तो किमान 15 दिवस पाण्याखाली मुरवा (विरवताना उकळतो, डोळे जपा). 1 भाग चुन्याला 2 ते 3 भाग चाळलेली वाळू. जुना गिलावा खरवडून भिंत भिजवा. थर 10-12 मिलिमीटरच ठेवा, जाड थर तडकतो. नंतर आठवडाभर ओलं गोणपाट.

भिंतीतला पिंपळ नुसता छाटला तर पुन्हा फुटतो, मूळच काढा.