एकच डिस्क लावली आणि फोटो दिसेनात

वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. घरातले सगळे फोटो मोठ्या हार्ड डिस्कवर आहेत असं धरून मी तेवढीच नव्या मशीनला लावली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये शेरा: ‘फॉरेन’, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरमधून आलेली. आई दारातूनच, “गेले का रे सगळे?”

मग आठवलं. जागा पुरेना म्हणून मीच कधीतरी दोन डिस्क जोडून स्पॅन्ड व्हॉल्यूम केला होता. पहिलीची जागा संपते तिथून दुसरीची सुरू. दिसतो एकच ड्राइव्ह, पण दोन्ही हव्यातच. मिरर्ड प्रकारचा असता तर दोन्हींवर तीच प्रत, एकीवर भागलं असतं. स्ट्राइप्ड या तिसऱ्या प्रकारात ६४ केबीचे तुकडे आलटूनपालटून दोन्हींवर पडतात. वेग छान, पण एक गेली की सगळंच गेलं.

मशीन बंद करून दुसरी डिस्क लावली, राइट क्लिक, ‘इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स’. शेजारचा ‘कन्व्हर्ट टू बेसिक’ चुकूनही दाबू नका, व्हॉल्यूम पुसला जातो. (माझं बोट तिथवर गेलं होतं.) ड्राइव्ह उघडला. आधी सगळं एक्स्टर्नल डिस्कवर उतरवलं, मगच आईला बोलावलं. तिला हवा होता फक्त सुरसागर तलावाच्या काठावरचा बाबांचा फोटो.