हिमनदीवर जायचंय? आधी बुटांचं बघा

कोल्हापुरातून आइसलँडला निघालेली मंडळी जाड जॅकेटवर भरपूर पैसे घालतात आणि पायात मात्र रंकाळ्यावर फिरायचे स्पोर्ट्स शूज! हिमनदीवर बुटाखाली पोलादी काट्यांचे क्रॅम्पॉन बांधतात. मऊ तळाच्या बुटावर ते नीट बसत नाहीत. घोटा झाकणारा, कडक तळाचाच बूट हवा. बऱ्याच ठिकाणी तो भाड्याने मिळतो, बुकिंग करतानाच विचारा. नवा घेतलात तर आधी महिनाभर पन्हाळा चढून-उतरून पायात रुळवा. आत सुती बनियन नको, घामाने भिजलं की गारठवतं, लोकरीचं घाला. गॉगल ढगाळ दिवशीही लागतो. आणि फोटोच्या नादात गाइडची वाट सोडू नका, बर्फाने झाकलेली भेग वरून दिसेलच असं नाही.