वाळू घेताना या चुका टाळा: गाडी ओतण्याआधी काय पाहायचं

घर बांधणारा माणूस सिमेंटच्या ब्रँडवर आठवडाभर चर्चा करतो, सळईचा भाव चार दुकानांत विचारतो आणि वाळू मात्र फोनवर मागवतो, "तीन ब्रास टाका." गाडी संध्याकाळी येते, चालकाला घाई असते, ट्रॉली वर उचलली जाते आणि ढीग दारात पडतो. मग त्यात माती निघो, शिंपले निघोत, ती वाळू परत जात नाही. ओतल्यानंतर तपासणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. व्यवहार ठरवतानाच स्पष्ट सांगा, "माल बघून ओतायचा, पसंत नसेल तर गाडी परत." आधी बोललेलं असलं की दारात वाद होत नाही.

पण गाडी दारात उभी ठेवून नीट तपासणीही होत नाही, कारण गाळ बसायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी डेपोवर किंवा क्रशरवर स्वतः जा. ढिगाच्या वरची वाळू पावसाने धुतलेली असते, ती दिसायला छानच असते. फावड्याने आत खणून, तीन-चार जागांहून थोडी थोडी अशी एक पिशवीभर घ्या. निम्मी तपासणीसाठी वापरा, निम्मी बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी आली की याच नमुन्याशी ताडून पाहा.

बाटलीची परीक्षा

सरळ कडांची काचेची बरणी घ्या. निमुळत्या बाटलीत माप चुकतं. अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, त्यात चमचाभर मीठ. मिनिटभर जोरात हलवा आणि सपाट जागेवर तीन तास ठेवा. वाळू लगेच खाली बसते, गाळ तिच्यावर वेगळा थर धरतो. दोन्हींची जाडी पट्टीने मोजा. वाळूचा थर 10 सेंटिमीटर असेल तर गाळ 8 मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे आकारमानाने 8 टक्क्यांच्या आत. साइटवर हीच मर्यादा धरतात. त्याहून जास्त असेल तर ती वाळू स्लॅबला किंवा कॉलमला घेऊ नका, मग कोणी कितीही स्वस्त देवो. गाळ वाळूच्या कणाला चिकटून बसतो, सिमेंटला धरायला जागा ठेवत नाही, शिवाय पाणीही जास्त पितो.

गाडीवर चढल्यावर घाईची परीक्षा तळहाताची. मूठभर ओलसर वाळू दोन्ही हातांत चोळा आणि टाकून द्या. हाताला मातीचा लेप राहिला तर कालचा नमुना आणि आजचा माल एक नाही. फाळक्याजवळून न घेता मधून आणि तळातून घ्या.

डस्टला क्रश सँड समजणं

नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून पुणे, नाशिक, मुंबईकडची बहुतेक घरं क्रश सँडवर, म्हणजे काळा दगड फोडून केलेल्या वाळूवर, उभी राहतात. ती चांगली असते. भारतीय मानक 383 च्या 2016 सालच्या आवृत्तीत अशा वाळूला रीतसर स्थान आहे. घोटाळा होतो तो नावात. खडी फोडताना खाली उरलेला चुरा, ज्याला कच किंवा डस्ट म्हणतात, तोच पुष्कळदा क्रश सँड म्हणून गळ्यात मारला जातो. थोडी तळहातावर पसरून उन्हात पाहा. खऱ्या क्रश सँडचे कण चौकोनी, सगळ्या बाजूंनी सारखे दिसतात, कारण ते व्हीएसआय यंत्रात दगडावर दगड आपटून घडवलेले असतात. डस्टमध्ये चपट्या कपच्या आणि पिठूळ भुकटी असते, मधल्या मापाचे कण कमी. अशा मालाचं काँक्रीट घमेल्यातून नीट सरकत नाही, मग गवंडी पाणी ओततो, आणि तिथेच स्लॅबची ताकद जाते.

बरणीत क्रश सँडचा वरचा थर जाड दिसला म्हणून लगेच घाबरू नका. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी भुकटी नैसर्गिक वाळूत वजनाने 3 टक्क्यांपर्यंतच चालते, पण दगड फोडून केलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत. कारण ती दगडाची पूड असते, चिकणमाती नव्हे. खाणीच्या वरच्या मुरमाची माती त्यात मिसळली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मीठ न घालता हीच परीक्षा करा. दगडाची पूड लवकर बसते, माती असेल तर पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं. प्लँटवाल्याकडे चाळणीचा अहवाल मागा आणि त्यावरची तारीख वाचा. चालू महिन्यातला नसेल तर नवा करून मागा.

ओल्या वाळूचा ब्रास

ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडीतला माल समतल करून लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकाराला 100 ने भागा. 14 बाय 7 ची बॉडी आणि 3 फूट माल, म्हणजे 2.94 ब्रास. उंची एका ठिकाणी मोजू नका, चार कोपरे आणि मध्य असं सळईने पाहा.

एवढं मोजूनही फसायला होतं, कारण वाळू ओलसर असली की फुगते. 5 ते 8 टक्के ओल असताना तिचं आकारमान 20 ते 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, बारीक वाळूचं जास्त. कणांभोवतीचा पाण्याचा पातळ पापुद्रा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. 25 टक्के फुगलेली तीन ब्रास वाळू म्हणजे कोरडी 2.4 ब्रास. पैसे मात्र तीनचेच. किती फुगली आहे ते पाहायला बरणीत ओलसर वाळू सैल भरा, उंची लिहून ठेवा, मग पाण्यात पूर्ण बुडवून ढवळा. वाळू खाली बसते आणि कोरड्या मापाला येते. जेवढी बसली तेवढी हवा तुम्ही विकत घेत होतात.

कालवताना हाच फरक उलटा फिरतो. एका सिमेंटच्या गोणीला 35 लिटरची मापाची पेटी धरली तर 1:1.5:3 च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटला दीड पेटी वाळू लागते. ती ओली आणि फुगलेली असेल तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते, माल खरबरीत होतो आणि सेंट्रिंग काढल्यावर खालून सळई डोकावते. शिवाय त्या दीड पेटीत 5 टक्के ओल म्हणजे साधारण 4 लिटर पाणी आधीच असतं. गोणीमागे 27 लिटर पाणी ठरलं असेल तर वरून 23 च घालायला हवं. पावसाळ्यात ही वजाबाकी झाली नाही तर बाकी सगळी काळजी वाया जाते, असं मला ठामपणे वाटतं.

रंग पाहून निवडणं आणि एकाच ढिगातून सगळं करणं

पिवळी वाळू चांगली, काळी वाईट, ही समजूत सोडून द्या. वैनगंगेची रेती फिकी असते कारण तिकडचा खडक तसा आहे. बेसाल्टच्या मुलुखातल्या नद्यांची वाळू गडदच असणार. रंगापेक्षा कणांचं माप पाहा. काँक्रीटला जाड-मध्यम-बारीक असे मिसळलेले कण हवेत, 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारे. अगदी बारीक, रव्यासारखी एकसुरी वाळू, जिला मानकात झोन चार म्हणतात, आरसीसीला, म्हणजे सळईच्या काँक्रीटला, चाचणीशिवाय वापरू नये असं मानकातच लिहिलेलं आहे. उलट गिलाव्याला जाड वाळू घेतली तर पृष्ठभाग ओरखड्यांचा होतो. स्लॅबची आणि गिलाव्याची वाळू वेगळी मागवा. चाळण्याची मजुरी वाचवू नका.

खाडीची वाळू

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न आधी पाहायला हवा. खाडीतल्या वाळूत मीठ असतं. मिठातलं क्लोराइड काँक्रीटमधल्या सळईवरचं संरक्षण तोडतं, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे खाली येतात. भारतीय मानक 456 प्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये सगळ्या सामग्रीचं मिळून क्लोराइड घनमीटरला 0.6 किलोच्या वर नको. जिभेवर खारट लागली तर नक्कीच नको, पण खारट लागली नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही. प्रयोगशाळेत नमुना द्या. पूर्ण घराच्या खर्चापुढे ती फी काहीच नाही. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू उचलायचीच नाही, तिथे उत्खननाला बंदी आहे.

परवान्याचंही इथेच सांगतो. महाराष्ट्रात गाडीबरोबर महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरचा वाहतूक पास मागा आणि त्यावरचा गाडी क्रमांक, तारीख, वेळ जुळवा. बेकायदा वाळूवर महसूल खातं बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतं, आणि काम थांबतं ते वेगळंच.

काम झाल्यावर दोष दिसला तर

गिलाव्यावर जाळ्यासारखे बारीक तडे आले असतील तर वाळू फार बारीक किंवा गाळाची होती, किंवा पाणी मारण्यात हयगय झाली. हात फिरवला की वाळू झडते, तेव्हाही हेच दोन संशयित, शिवाय सिमेंट कमी पडल्याची शक्यता. भिंतीवर पांढरा लोणा फुटला तर वाळूतले, विटांतले किंवा पाण्यातले क्षार पाहा. आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा. कोरड्या ब्रशने लोणा झाडून काढल्याशिवाय रंग लावू नका, तो सुटून पडेल. गिलाव्यात खड्डे पडून आत मातीचे गोळे दिसले तर ती वाळू चाळलीच गेली नव्हती. तेवढा भाग खणून काढून पुन्हा भरावा लागतो.

आणि खराब ढीग दारात पडलाच असेल तर तो स्लॅबमध्ये "थोडी थोडी मिसळून" संपवू नका. मीठ नसेल तर जोत्याच्या भरणीत किंवा फरशीखाली तो खपतो. खारट असेल तर सळईपासून लांब, अंगणाच्या भरणीत टाका.