घरी फो करताना या चुका टाळा

फो म्हणजे गोमांसाच्या हाडांचं नितळ सूप, त्यात तांदळाच्या शेवया आणि मांस, असा व्हिएतनामी पदार्थ. तो बिघडतो पहिल्या पंधरा मिनिटांत, आणि आपल्याला कळतं सहा तासांनी. हाडं आणली, धुतली, पातेल्यात टाकली, पाणी ओतलं, गॅस मोठा केला की सूप तिथेच हातचं गेलं. नंतर कितीही चांगला मसाला घाला, वाडग्यात गढूळ, उग्र वासाचं पाणीच येतं.

नुसत्या धुण्याने भागत नाही. हाडं बुडतील एवढं गार पाणी घाला, खळखळून उकळी आणा आणि दहा मिनिटं तसंच उकळू द्या. वर करडा-तपकिरी फेस जमतो. त्या फेसासकट सगळं पाणी ओतून द्या. मग एकेक हाड नळाखाली धरून चोळा, खाचेत अडकलेली रक्ताची गुठळी बोटाने काढा. पातेलंही घासा, कारण कडेला चिकटलेला फेस पुन्हा सुपातच उतरतो. चव वाया जाईल या भीतीने मी सुरुवातीला ही पायरी गाळायचे. चव कुठेही जात नाही. ती पुढच्या सहा तासांत उतरायची असते.

आता नवं पाणी. चार-पाच जणांसाठी नळ्या आणि सांध्याची हाडं मिळून दोन किलो, छातीचं मांस पाऊण किलो आणि पाणी पाच लिटर. उकळी येऊ लागली की आच इतकी कमी करा की बुडबुडा इथे एक, तिथे एक असाच फुटेल. आपला हात रस्सा रटरटवायला सरावलेला, म्हणून हे फार जड जातं. पण जोराच्या उकळीत चरबीचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात आणि सूप दुधाळ होतं. झाकण अर्धवट ठेवा. कुकर वापरायचाच असेल तर शिट्ट्या काढू नका: प्रत्येक शिट्टीला दाब एकदम सुटतो आणि आत पाणी उसळतं. पहिली शिट्टी यायच्या बेतात गॅस अगदी बारीक करा, तास-दीड तास ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या.

या पदार्थाचं सगळं नितळपणात आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह आणि हनोईच्या परिसरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फो आकाराला आला. फेरीवाले तो कावडीवर घेऊन फिरत: एका बाजूला विस्तवावरचं पातेलं, दुसऱ्या बाजूला वाडगे, शेवया आणि मांस. तिथे तो मुख्यतः सकाळी खायचा पदार्थ आहे. सकाळी पोटात गेल्यावर हलकं वाटेल आणि तरी हाडाची पूर्ण चव देईल, असं ते सूप असतं. तर्री, वाटण, घट्टपणा हे आपले गुण इथे कामाचे नाहीत.

म्हणून मसाल्याला हात आवरा. बाद्यान पाच, जाड सालीची दालचिनी बोटभर, लवंगा तीन-चार, मसाला वेलदोडा एक, धणे एक चमचा, बडीशेप अर्धा चमचा. एवढं पाच लिटरला पुरतं. मिरी, तमालपत्र, जायपत्री घालायचा मोह होतो, आणि तिथून बिर्याणीचा वास सुरू होतो. तेल न घालता कोरडा भाजा, वास सुटला की मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि शेवटच्या तासाभरातच सोडा. सुरुवातीपासून ठेवला तर बाद्यान आणि लवंग सगळ्यावर चढतात, सुपाचा काढा होतो.

कांदा-आलं भाजणं मात्र आपल्याला शिकवावं लागत नाही. भरताचं वांगं भाजतो तसे दोन सालासकट कांदे आणि बोटभर लांबीचे दोन आल्याचे तुकडे थेट ज्योतीवर, जाळीवर ठेवा. बाहेरून काळे, आतून मऊ आणि गोडसर झाले पाहिजेत. जळकी साल पाण्याखाली खरवडून काढा, नाहीतर कडवटपणा येतो. आणि मग मिक्सरकडे वळू नका. ते अख्खेच सुपात जातात आणि अख्खेच बाहेर निघतात.

मांसाबद्दल थोडं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या मांसावरही बंदी आहे, त्यामुळे इथे फो करायचा तर म्हशीचं मांस. ते जरा चिवट असतं. हनोईत कच्च्या मांसाच्या पातळ चकत्यांवर उकळतं सूप ओततात, पण आपल्याकडे शिजवलेल्या मांसाचाच फो जास्त चांगला होतो, असं माझं ठाम मत आहे. छातीचा तुकडा हाडांबरोबर शिजवा, सुरी सहज आत गेली की बाहेर काढा आणि दहा मिनिटं गार पाण्यात बुडवून ठेवा. नुसता ताटलीत ठेवला तर तो काळा पडतो आणि कोरडा होतो. कापताना तंतूंच्या आडवं कापा. कच्च्या चकत्या हव्याच असतील तर मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये घट्ट करून कागदासारखं कापा आणि डावात घेऊन उकळत्या सुपात गुलाबीपणा जाईपर्यंत बुडवा.

मीठ कमी पडणं ही सगळ्यात फसवी चूक. नुसतं सूप चमच्याने चाखलं की बरोबर लागतं आणि भरलेला वाडगा पुढ्यात आला की सगळं सपक. कारण शेवयांना आणि मांसाला स्वतःचं मीठ नसतं. चाखताना चमच्यात दोन शेवया घ्या. नुसतं सूप थोडं खारट लागलं पाहिजे. फिश सॉस गॅस बंद करण्याच्या सुमारास घाला, फार उकळला तर त्याचा सुगंध उडतो. त्याच्या खारटपणाला खडीसाखरेचा सुपारीएवढा खडा पुरतो.

शेवया म्हणजे तांदळाच्या चपट्या पट्ट्या. त्या साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, मग एकेका वाडग्यापुरत्या चाळणीत घेऊन उकळत्या पाण्यात दहा-वीस सेकंद बुडवा. सुपाच्या पातेल्यात कधीच नाही: पिठूळ पाण्याने सहा तासांची मेहनत एका मिनिटात गढूळ होते.

वरून काय घालायचं? उत्तरेत कांद्याची पात, कोथिंबीर, लिंबू किंवा लसणाचं व्हिनेगर, मिरची, बस. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि सायगावात फोच्या ताटलीत मोड आलेले मूग, तुळशीची पानं, गोडसर सॉस आले. ती तुळस आपली कृष्णतुळस नव्हे. कुंडीत सब्जा असेल तर त्याची पानं जास्त जवळची.

सूप गढूळ झालंच असेल तर फेकू नका. फडक्यातून गाळा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर गोठलेली चरबी उचला आणि तळाचा गाळ न हलवता वरचं सूप डावाने काढा. सगळी चरबी टाकू नका, वाडग्यामागे चमचाभर ठेवा, सुगंध तिच्यातच असतो. मसाला जास्त झाला तर पुरचुंडी ताबडतोब काढून हाडांचं साधं पाणी मिसळा. गोड झालं तर थोडा फिश सॉस आणि वाडग्यात लिंबू. उरलेलं सूप शेवयांशिवाय फ्रीझरमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी वाडगे गरम पाण्याने शेकून मगच भरा.