डोंगरात शिरायचं कुठून?

एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून माझ्या हाताला एकच वळण लागलेलं: कागद समोर आला की आधी क्षितिजरेषा आखायची. पुढे घाटांवर, देवळांच्या आवारात बसून जलरंगात निसर्गचित्रं केली, तेव्हाही तेच. म्हणून एम.ए.च्या प्रबंधासाठी चिनी आणि युरोपीय निसर्गचित्रांची तुलना हा विषय घेतला आणि फान क्वान या चिनी चित्रकाराचं 'डोंगर-झऱ्यांतले प्रवासी' समोर ठेवलं, तेव्हा कितीतरी वेळ मी त्यात क्षितिजच शोधत होते. इ.स. १०००च्या सुमाराचं हे रेशमावरचं चित्र. वर सगळा एकच कडा, त्याच्या पायथ्याशी धुकं आणि तळाला नखाएवढी माणसं, ओझ्याची जनावरं. खालच्या वाटेकडे पाहावं तर आपण तिच्यासमोर असतो, माथ्याकडे पाहावं तर माथ्यासमोर.

हा विषय घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: चित्रात काय आहे याच्या आधी, चित्रकारानं आपल्याला कुठे उभं केलंय ते विचारा. १४३५ साली अल्बर्टी या इटालियन विचारवंतानं चित्राला खिडकीची उपमा दिली. त्या खिडकीशी आपण एका जागी थांबतो आणि सगळ्या रेषा आपल्या डोळ्याच्या हिशेबानं आत धावतात. गुओ शी या चिनी चित्रकाराच्या लिखाणात मात्र तीन 'दूरत्वं' आहेत: पायथ्यावरून शिखराकडे मान वर करून पाहणं, समोरच्या डोंगराआडून मागे डोकावणं, जवळच्या डोंगरावरून लांबचे न्याहाळणं. त्याच्या १०७२ सालच्या 'वसंतारंभ' या चित्रात ही तिन्ही एकत्र नांदतात. डोंगर चालण्याजोगा आणि पाहण्याजोगा असावा, पण भटकण्याजोगा आणि राहण्याजोगा असेल तर अधिक चांगला, असंही तो म्हणतो. मला हा विचार फार आवडतो.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'पश्चिम डोळ्यानं रंगवते, पूर्व मनानं.' मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ मारून एवढंच लिहिलं: कशावरून? उत्तर शोधता शोधता माझा अर्धा प्रबंध बदलला. इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (१८२१) म्हणजे नदीकाठी बसून जागेवर केलेलं चित्र, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते लंडनच्या स्टुडिओत, इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या जुन्या रेखाटनांवरून तयार झालं. उलट गुओ शी एकच डोंगर ऋतूगणिक, सकाळ-संध्याकाळी, जवळून-लांबून कसा बदलतो ते बारकाईनं नोंदवतो. आपल्या परीक्षेतल्या शब्दात सांगायचं तर दोघांचीही ती स्मरणचित्रंच. फरक आहे तो आठवणीतून काय परत आणलं यात: एकानं एका दुपारचा उजेड, दुसऱ्यानं डोंगरातली सगळी पायपीट.

साहित्य हाताळल्याशिवाय मात्र यातलं काही कळत नाही. मी शुआन हा चिनी चित्रांचा कागद आणि शाईची कांडी मिळवली. जलरंगात चुकलं तर ओल्या ब्रशनं रंग उचलायची माझी सवय. इथे शाई टेकताक्षणी कागदात उतरते, उचलायला काही उरतच नाही. खडकांचा पोत दाखवणाऱ्या फटकाऱ्यांना 'त्सुन' म्हणतात: फान क्वानचे पावसाच्या थेंबांसारखे, हुआंग गोंगवांग या नंतरच्या चिनी चित्रकाराचे तागाच्या धाग्यांसारखे, शिवाय कुऱ्हाडीच्या घावासारखेही. प्रत्येकाची वही भरा, महिना लागला तरी चालेल. तैलरंग हळू वाळतो, त्यावर पुन्हा रंगवता येतं. 'द हे वेन'मध्ये काठावरचा घोडेस्वार कॉन्स्टेबलनं नंतर रंगाखाली झाकून टाकला. शुआन कागदावर ही मुभा नाही.

पुस्तकातल्या छपाईवर विसंबू नका. फान क्वानचं चित्र सुमारे २०६ बाय १०३ सेंटिमीटर आहे, 'द हे वेन' १३० बाय १८५. वर्तमानपत्रं जोडून तेवढे आयत भिंतीवर लावा आणि त्यांच्यासमोर उभे राहा. आडव्या गुंडाळीचं, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या लांबलचक चित्राचं, तर छपाईत फारच नुकसान होतं. हुआंगचं १३५०चं 'फूचुन डोंगरातला निवास' पुस्तकात रिबिनीसारखं दिसतं. १६५० साली ते आगीत घातलं गेलं, वाचवलं तोवर त्याचे दोन तुकडे झाले. छोटा चीनमधल्या हांगचौमध्ये आहे, मोठा तैवानमधल्या तैपेईत. २०११मध्ये ते तैपेईत एकत्र मांडले होते. अशी गुंडाळी एका वेळी हातभरच उलगडायची असते. म्हणून संगणकावर मोठी प्रतिमा उघडून उजवीकडून डावीकडे सावकाश सरकत जा. मोठा तुकडा सहा मीटरहून लांब आहे. पहिल्यांदा मला त्याला पाऊण तास लागला होता.